अ ते ज्ञ, व्हाया हिंजवडी

‘तू नक्की करतेस काय?’ हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात विचारला जातो. ‘टेक्निकल रायटर’ म्हटलं की समोरच्या काकू म्हणतात, ‘म्हणजे टायपिंग का?’ तर काकू, मी मॅन्युअल्स लिहिते. मिक्सरच्या खोक्यातून निघतं आणि तुम्ही न वाचता ड्रॉवरमध्ये कोंबता ना, ते पुस्तक. ते कोणीतरी लिहितं, बॉस!

त्या पुस्तकाच्या शेवटी जी शब्दांची सूची असते, ती मात्र कोणी लिहीत नाही. मजकुरातल्या शब्दांवर खुणा करायच्या, एक बटन दाबायचं, की डॉक्युमेंटेशनचं सॉफ्टवेअर शे-दोनशे शब्द पान नंबरांसकट ओळीने लावून देतं. इंग्रजीत हा फंडा झक्कास चालतो. मराठीत काय होतं, ते मला अण्णांमुळे कळलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. झेडपीच्या शाळेत तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला, आता पौडजवळच्या आमच्या गावी आंबेमोहोर लावतात. मी राहते हिंजवडीत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर रुबाबात ‘पुणे’ लिहिलंय, पण आयटी पार्क ज्या हिंजवडी आणि माणमध्ये आहे, ती दोन्ही गावं सातबाऱ्यावर तालुका मुळशीच! म्हणजे आम्ही बापलेक एकाच तालुक्यात, मध्ये फक्त माण-घोटावड्याचा रस्ता.

तेव्हाच्या माझ्या कंपनीने (नाव राहू दे) शेतीपंपाचं मराठी मॅन्युअल केलं. मराठी मजकूर माझा आणि एका सहकाऱ्याचा. कौतुकाने तोच पंप अण्णांसाठी घेतला, पुस्तकावर सही करून दिली. फुल सेलिब्रिटी!

मग आला जून २०२३. पाऊस जवळजवळ महिनाअखेरपर्यंत आलाच नाही. वाफ्यातली भाताची रोपं पिवळी पडायला लागली आणि नेमका तेव्हाच पंपाचा स्टार्टर सारखा ट्रिप व्हायला लागला. स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेला एक चकती असते. मोटरच्या पाटीवर जितके ॲम्पिअर लिहिलेले असतील तितक्यावर ती ठेवायची, बस. आमची त्याच्या खाली होती. पान ३१ वर मी हे चित्रासकट लिहिलं होतं. अण्णांना ते पान सापडलं नाही. त्यांनी वायरमनला बोलावलं, त्याने चकती पार शेवटपर्यंत फिरवली. स्टार्टर ट्रिप व्हायचा थांबला. गावातलं व्होल्टेज पडलं तसा मोटरने जास्त करंट ओढला, रिले गप्प बसला, आणि तिसऱ्या दिवशी मोटर जळाली.

फोन आला तो त्यानंतर. ‘तू मीटिंगमध्ये असशील’ म्हणून आधी केला नव्हता. हे ऐकून जास्त वाईट वाटलं.

‘अगं, तुझ्या पुस्तकात ॲम्पिअर नाहीच.’

‘आहे अण्णा. पान एकतीस.’

‘मग सूचीत का नाही? अ मध्ये पाहिलं. ॲडॉप्टर आहे, ॲम्पिअर नाही. म्हटलं मोटरची क्षमता तरी बघू. सगळ्यात शेवटी गेलो, तर क्षमतासुद्धा नाही!’

मी सूची उघडली. ‘क्षमता’ होती, पण क च्या शेवटी, ‘क्लॅम्प’च्या खाली. ‘ॲम्पिअर’ होता पार तळाला, ‘होज पाइप’च्याही नंतर, एकटाच. आणि ‘ॲडॉप्टर’ बरोबर अ मध्ये! एक ॲ घरात, दुसरा ॲ अंगणात. अण्णांनी तर्क बरोबर केला होता. एक ॲ इथे आहे, म्हणजे दुसरा असता तर इथेच असता.

झालं असं की कॉम्प्युटरला ‘अ आ इ ई’ येत नाही. त्याच्याकडे प्रत्येक अक्षराला एक नंबर आहे, हजेरीपटावरच्या रोल नंबरसारखा. हा तक्ता ‘इस्की’ या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून युनिकोडने घेतला. तो देशातल्या अनेक लिप्यांना एकदम लागू पडावा असा बेतलेला. त्यात ळ बसलाय ल आणि व यांच्या मध्ये, आणि आपण शिकलो तो ह नंतर. क्ष आणि ज्ञ यांना तर नंबरच नाही. कॉम्प्युटरच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. त्यामुळे तो क च्या घरात.

ॲ ची गोष्ट आणखी सही. त्याला स्वतःचा नंबर मिळाला २००८ मध्ये, तोपर्यंत पुढच्या जागा भरल्या होत्या. म्हणून तो देवनागरी आकड्यांच्याही मागे. महाराष्ट्र सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात त्याला वर्णमालेत मानाने घेतलं, पण नंबर काही बदलला नाही. शिवाय अ टाइप करून वर चंद्र दिला तरी दिसायला तोच अॅ तयार होतो! माझा सहकारी तसा लिहायचा, मी एका नंबरचा ॲ वापरायचे. डोळ्याला एक, मशीनला दोन.

आता यात युनिकोडला शिव्या घालण्यात अर्थ नाही. नंबरांचा क्रम म्हणजे वर्णक्रम नव्हे, हे ते स्वतःच सांगतात. भाषावार क्रमाचे वेगळे नियम त्यांच्या ‘सीएलडीआर’ नावाच्या भांडारात असतात. मराठीचा नियमही तिथे आहे: ह, मग ळ, मग क्ष, मग ज्ञ. सॉफ्टवेअरला फक्त सांगावं लागतं की बाबा रे, ही सूची मराठी आहे. लिबरऑफिससारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही सूची करताना भाषा निवडायची सोय असते. आमच्यात होती का? होती. टेम्प्लेट इंग्रजी मॅन्युअलचं होतं, आणि तो ड्रॉपडाउन मी कधी उघडलाच नव्हता.

त्याआधी एकदा ‘क्ष’ची गडबड माझ्या लक्षात आली होती, हेही कबूल करते. तेव्हा मी जुगाड केला. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘हा शब्द अमुक समजून लाव’ असं गुपचूप सांगता येतं. मी क्ष च्या शब्दांपुढे गुपचूप ॐ लावला, कारण त्याचा नंबर ह च्या पुढचा. चाललं! पुढे ती फाइल भाषेचे नियम पाळणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेली. तिथे ॐ सगळ्या अक्षरांच्या आधी. सगळे क्ष पहिल्या पानावर, गणपती बसवल्यासारखे. मी ॐ काढून टाकले आणि विषय सोडून दिला. डेडलाइन होती.

मोटर रिवाइंड करून यायला चार दिवस लागले. निम्मी रोपं गेली. अण्णा एका शब्दाने बोलले नाहीत, शेजाऱ्यांकडून उरलेली रोपं आणून लावणी केली.

नव्या आवृत्तीची सूची मराठी लावून, सगळे अॅ एका नंबरचे करून, मी एका शनिवारी गावी घेऊन गेले. अण्णा ओसरीवर लाल पेन घेऊन बसले. क्षमता, ठीक. ज्ञ चा शब्दच नव्हता, त्याबद्दल नाराजी. ॲम्पिअर अ च्या घरात, ठीक. मग पेन थांबलं.

‘हे ‘अंतर’ सगळ्यात वर कसं? अं येतो औ नंतर. पोरांना काय उलटं शिकवलं का मी?’

मी म्हटलं, शब्दकोशांत वेगवेगळ्या पद्धती आहेत. ते म्हणाले, ‘दाखव.’

घरातला कोश माळ्यावर होता. शिडी आणायला मीच गेले.