वय झालं म्हणून दात जात नाहीत

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सनं 1974 साली आपलं पहिलं दुकान थाटलं. आज आजूबाजूच्या उपनगरांतली मराठी कुटुंबं त्या रस्त्यावर किराण्याला येतात, आणि मुलांकडे राहायला आलेल्या आई-बाबांसाठी पिशवीत दंतमंजन, लवंगेचं तेल, खडीसाखर, सुपारीही पडते. वृद्धांच्या तोंडाविषयीचे आपले बरेचसे गैरसमज या पिशवीतच सापडतात.

सगळ्यांत घट्ट गैरसमज म्हणजे ‘म्हातारपणी दात पडायचेच’. जपानने 1989 साली ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ अशी मोहीम काढली. 2016 च्या तिथल्या सरकारी पाहणीत ऐंशीच्या घरातल्या सुमारे निम्म्या लोकांचे वीस किंवा अधिक दात शाबूत होते. दात जातात ते किडीने आणि हिरड्यांच्या रोगाने. वय एवढंच करतं, की हिरड्या मागे सरकतात आणि मुळं उघडी पडतात. मुळांवर इनॅमलचं कवच नसतं, म्हणून उतारवयातली कीड बहुधा हिरडीच्या कडेला लागते, आणि घाईने घासताना नेमकी तीच जागा सुटते.

त्यात तोंड कोरडं पडतं. आजींना वाटतं, ही इथल्या हीटरची हवा. पण मोठं कारण औषधांच्या डब्यात असतं. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी, वारंवार होणारी लघवी यांवरच्या अनेक गोळ्या लाळ कमी करतात. लाळ तोंडातलं आम्ल धुऊन काढते, दातांना खनिजं परत देते. ती आटली की घसा ओला ठेवायला खडीसाखर नाहीतर लिमलेटची गोळी गालात धरली जाते, आणि साखर तासन्‌तास उघड्या मुळांवर बसते. यानं दात फार झपाट्यानं किडतात. घोटघोट पाणी आणि झायलिटॉलची बिनसाखरेची गोळी हा त्याहून बरा उपाय. गोळ्या मनानं बंद करू नयेत. डॉक्टरांना मात्र कोरडेपणा आवर्जून सांगावा.

मंजनाबद्दल भावना जुन्या आहेत, त्यांचा मान ठेवूनही सांगायला हवं, की बऱ्याच मंजनांत फ्लोराइड नसतं, आणि उघड्या मुळांना त्याचीच गरज असते. खरखरीत पावडर बोटाने घासली तर मुळं झिजतात. मशेरी तर तंबाखूच. फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश दिवसातून दोनदा, एवढं पुरतं. कीड वारंवार लागत असेल तर दंतवैद्य जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून देतात. डेव्हनपासून जवळच्या एव्हन्स्टनमध्ये 1947 पासूनच नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालतात, शिकागोच्या पाण्यातही ते असतं. बाटलीच्या पाण्यात ते असेलच असं नाही.

‘वरची दाढ काढली की नजर जाते.’ नाही जात. वरच्या दातांच्या नसा वेगळ्या, दृष्टीची नस वेगळी. ‘सफाई केली की दात हलतात’ हेही खरं नाही. दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाने ते धरून ठेवलेले वाटतात. हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश बंद करणं तर उलटं पाऊल. मऊ ब्रशनं घासत राहावं आणि रक्त थांबलं नाही तर दाखवावं.

कवळी घातली की दातांची कटकट संपली, असं घरोघरी मानतात. रात्री कवळी तोंडातच राहते, कारण नातवंडांसमोर बोळकं दिसायला नको. पण कवळीखाली बुरशी वाढते. जपानमध्ये 85 च्या पुढच्या वृद्धांवरचा एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला, त्यात रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला. झोपताना कवळी काढावी, साबण आणि ब्रशनं धुवावी, गार पाण्यात ठेवावी. गरम पाण्यानं ती वाकडी होते. दात एकही नसला तरी हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ कापडाने रोज पुसाव्यात.

अंथरुणाला खिळलेल्या किंवा विसराळूपणा वाढलेल्या माणसाच्या घरात अडचण संकोचाची असते. सासऱ्यांच्या तोंडात सुनेनं हात कसा घालावा? यात मला जराही कमीपणा दिसत नाही. हे अंघोळ घालण्याइतकंच शुश्रूषेचं काम आहे. माणसाला बसतं करावं, बाजूला उभं राहावं, वाटाण्याएवढीच पेस्ट घ्यावी, आणि जमेल तिथे त्यांच्याच हातात ब्रश देऊन आपला हात वरून धरावा. जबरदस्ती नको, दातांच्या मधे बोट नको. नकार आला तर थोड्या वेळाने पुन्हा विचारावं. जपानच्या 11 शुश्रूषागृहांतल्या दोन वर्षांच्या अभ्यासात तोंडाची नियमित निगा घेतलेल्यांपैकी 11 टक्क्यांना न्यूमोनिया झाला, इतरांपैकी 19 टक्क्यांना.

पिशवीतल्या सुपारीत तंबाखू नसली तरी ती निर्धोक नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तिला कर्करोगकारक ठरवलं आहे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर थांबू नये.

शेवटचा गैरसमज म्हणजे विमा दातांचाही खर्च देतो. मूळ मेडिकेअर नेहमीची तपासणी, फिलिंग, कवळी यांचा खर्च देत नाही, आणि पाहुण्यांच्या प्रवासी विम्यातही हा खर्च सहसा नसतो. म्हणून आई-बाबांचे दात भारतातून निघण्यापूर्वीच दाखवून घ्या, औषधांची यादी सोबत आणा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर दात काढण्याआधी ते दंतवैद्यांना सांगायलाच हवं. आणि इथे गरज पडलीच, तर इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागोतल्या दंतमहाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून होणारे उपचार खासगी दवाखान्यापेक्षा स्वस्त पडतात. तिथे आधी विचारा.