ट्रान्झिस्टरने गिळलेला खर्ज

पांढरकवड्याच्या बाजारातून वरात निघाली की गाणं ओळखू येण्याआधी दुकानांची शटरं थरथरू लागतात. डीजेच्या गाडीवर रचलेल्या खोक्यांतून 'झिंगाट' सुटतं आणि रस्त्याकडेला नुसत्या उभ्या असलेल्या माणसाच्याही छातीत ठोके बसतात. केळापूर तालुक्यात आज खर्जाची टंचाई नाही. उलट जरा कमी करा म्हणून विनवावं लागतं. गंमत अशी की, याच तालुक्यातल्या आधीच्या दोन पिढ्यांनी हिंदी गाणी ऐकली ती जवळजवळ खर्जाशिवाय. १९५७ साली सुरू झालेली विविध भारती त्यांच्या घरात, शेतात, पानठेल्यावर पोचली ती ट्रान्झिस्टरवरून, आणि त्या डब्यातला स्पीकर तळहाताएवढा. लता आणि किशोर ऐकू आले, व्हायोलिनं आणि ढोलकही ऐकू आले. बेस वाजवणारा मात्र वाटेतच राहिला.

यामागचं कारण साधं आहे. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो आणि हवेतली त्याची एकेक लाट आठ मीटरहून लांब असते. एवढी हवा ढकलायला मोठा पडदा लागतो. लहान स्पीकर दीडशे-दोनशे कंपनांच्या खाली जवळपास मुका होतो. तरीही गाणं पोकळ वाटत नसे, कारण तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही निघतात. त्यांच्यातलं समान अंतर मेंदू हेरतो आणि हरवलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. जुन्या टेलिफोनवर ३०० कंपनांखालचं फारसं काही जातच नसे, तरी पलीकडच्या माणसाचा भारदस्त आवाज ओळखू यायचा, तो याच कारणाने. आजच्या मोबाइलचा स्पीकर तर ट्रान्झिस्टरहूनही लहान. म्हणून काही ध्वनितंत्रज्ञ बेसमध्ये हे वरचे स्वर मुद्दाम मिसळतात आणि कानाला चकवतात.

बेस वाजवणाऱ्यांना आणि त्यावर जीव टाकणाऱ्यांना हा चकवा चालत नाही. ही जमात गाणं तळातून वर ऐकते. आधी बेस, मग ड्रम, मग बाकी सगळं. गायक कोण हे सर्वांत शेवटी. त्यांच्या आवडत्या तबकड्या, जुनी वाद्यं, मैफलींच्या आठवणी या सगळ्यांमागे तो हरवलेला स्वर खरोखर ऐकण्याची हौस असते.

१९५१ सालचा योगायोग

त्या वर्षी भगवानदादांचा 'अलबेला' आला. संगीत सी. रामचंद्र यांचं, आणि त्यांच्या मदतीला होता गोव्याच्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबीच्या वाद्यवृंदाने जाझ आणलं होतं. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले गोवेकर वादक त्या मंचावरून सिनेमाच्या स्टुडिओत शिरले. तळाचे स्वर तेव्हा डबल बेसवर वाजत. हे वाद्य माणसाच्या उंचीचं. ते उभं राहून वाजवायचं आणि टॅक्सीत कसं बसवायचं ही रोजची चिंता.

त्याच वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी लिओ फेंडरने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. गळ्यात अडकवता येणारा, विजेवर चालणारा, आणि दांडीवर धातूच्या पट्ट्या असल्याने बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी सुरात राहणारा. नावातला नेमकेपणा या पट्ट्यांमुळे आला. तारेची लांबी ३४ इंच ठरली, आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. १९६० मध्ये फेंडरनेच बारीक दांडीचा 'जाझ बेस' काढला. पुढची कित्येक दशकं जगभरच्या बेसवाल्यांत 'प्रिसिजन की जाझ?' हा वाद रंगत आला आहे.

मुंबईत हे वाद्य रुजलं ते पंचमच्या, म्हणजे राहुलदेव बर्मन यांच्या काळात. त्यांच्या ताफ्यात मारुतीराव कीर यांचा तबला होता, अमृतराव काटकर यांचा रेसो होता, फ्रँको वाझ ड्रमवर आणि टोनी वाझ बेस गिटारवर. पंचमच्या गाण्यांत बेस नुसता ठेका धरत नाही, तो गायकाशी बोलतो. हेडफोन लावून सत्तरीतलं त्यांचं कोणतंही नाचरं गाणं ऐकलं तर मुखड्याखालून आणखी एक चाल सरकताना कळते. तबकडीच्या वेष्टनावर मात्र चित्रपट, गायक, संगीतकार आणि गीतकार. वाद्यं वाजवणाऱ्यांची नावं सहसा नसत.

याच स्टुडिओंत बेस गिटार आणि ट्रान्झिकॉर्ड वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांची गोष्ट आणखी निराळी. जपानच्या रोलंड कंपनीने बेसवादकाच्या जागी वाजवता येईल असं 'टीबी-३०३' नावाचं यंत्र काढलं होतं. बेस गिटारसारखा आवाज काही त्यातून येईना. यंत्र खपलं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. पण त्याआधीच, १९८२ मध्ये, चरणजित सिंग यांनी ते यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या तालावर ध्वनिमुद्रित केले. एचएमव्हीची ती तबकडी फारशी कुणी विकत घेतली नाही. पुढे शिकागोच्या पोरांनी मोडीत निघालेल्या त्याच यंत्रातून 'ॲसिड हाउस' नावाचं नृत्यसंगीत उभं केलं. त्याची पहिली मोठी तबकडी १९८७ची. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने चरणजित सिंग यांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा जगाला मुंबईतला हा पाच वर्षं आधीचा प्रयोग कळला. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग मग युरोपातल्या मंचांवर वाजवू लागले. २०१५ साली ते गेले.

हरवलेली वाद्यं

निनावीपणाचं दुखणं फक्त मुंबईचं नव्हतं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत जेम्स जेमर्सनचा बेस आहे. तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने तार छेडायचा आणि जुन्या तारा बदलायला नाखूष असायचा, कारण मळलेल्या तारांचा आवाज त्याला गोड लागे. त्याचं नाव ठळकपणे छापलं गेलं ते मार्व्हिन गेच्या १९७१ मधल्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या वेष्टनावर. त्याचा १९६२चा प्रिसिजन १९८३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी, चोरीला गेला. तो अजून सापडलेला नाही.

जुन्या वाद्यांच्या वेडात अशा चोऱ्यांना मोठी जागा आहे. पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये सुमारे ३० पौंडांना घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर बेस १९७२ मध्ये लंडनला एका गाडीतून चोरीला गेला. चाहत्यांनी शोधमोहीम उघडली आणि तो परत मिळाल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. जाको पास्टोरियसने आपल्या १९६२च्या जाझ बेसच्या पट्ट्या काढून टाकल्या होत्या, म्हणजे स्वर सतारीच्या मिंडेसारखा घसरवता यावा. तो बेस न्यूयॉर्कमध्ये १९८६ साली नाहीसा झाला आणि जाकोच्या मृत्यूनंतर कैक वर्षांनी एका दुकानात उगवला.

साठीतल्या वाद्यांना एवढी किंमत का? जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना सीबीएसकडे गेली आणि उत्पादन वाढलं. त्याआधीच्या वाद्यांना संग्राहक 'प्री-सीबीएस' म्हणतात आणि दांडी उकलून तिच्या टाचेवरची तारीखसुद्धा तपासतात. आपल्याकडे मात्र १९९१ पर्यंत आयातीवर इतकी बंधनं होती की, परदेशी बेस मिळणं म्हणजे भाग्यच. कुणी जहाजावरचा नातेवाईक आणायचा, कुणी दौऱ्यावर आलेल्या वादकाकडून घ्यायचा.

कुठून ऐकायचं?

बेसवाल्यांच्या यादीत काही तबकड्या हटकून असतात. माइल्स डेव्हिसच्या १९५९ मधल्या 'काइंड ऑफ ब्लू'चं पहिलंच गाणं घ्या: मुख्य चाल पॉल चेंबर्सच्या डबल बेसवर आहे आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन नुसते हुंकार भरतात. पिंक फ्लॉइडच्या 'मनी'चा (१९७३) बेस सात मात्रांत फिरतो, त्यामुळे रूपक वाजवणाऱ्या तबलजीला तिथे परकं वाटायचं कारण नाही. जाकोची स्वतःच्या नावाची १९७६ची तबकडी शेवटी ऐकावी. आधी ऐकली तर बाकीचं फिकं वाटतं.

प्रत्यक्ष मैफलींचा इतिहास मुंबईतून सुरू होतो. धोबीतलावच्या उघड्या रंगभवनात १९७८ साली पहिली 'जाझ यात्रा' झाली, १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' गाजलं, आणि ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी पुढे ते मैदान शांत केलं. २०१० मध्ये पुण्यात 'एनएच ७ वीकेन्डर' सुरू झाला. त्याच्या नावातला राष्ट्रीय महामार्ग पुण्याला शिवतही नाही. वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा तो रस्ता नागपूर सोडल्यावर पांढरकवड्यावरून, केळापूरच्या शेजारून आदिलाबादकडे उतरतो. या भागात आता त्याचा क्रमांक ४४ आहे.

आज बेसच्या मैफलीसाठी तिकीट काढायचं तर पहिलं नाव मोहिनी डे हिचं. जन्म १९९६, मुंबई. वडील सुजॉय डे स्वतः बेसवादक. ए. आर. रहमान, झाकीर हुसेन, स्टीव्ह वाय अशांबरोबर वाजवून तिने २०२३ मध्ये स्वतःच्या नावाचा अल्बम काढला. तालाचे बोल तोंडाने म्हणत तेच तारांवर काढणं ही तिची खासियत.

तिला किंवा कुणालाही ऐकायला जाल तेव्हा मंचाला चिकटून उभं राहू नका, आणि बंद सभागृहात कोपराही टाळा. खर्जाच्या लांब लाटा भिंतींवरून परतून तिथे साचतात आणि सगळे स्वर एकमेकांत कालवले जातात. मधोमध, जिथे ध्वनिमिश्रण करणारा आपलं टेबल मांडून बसलेला असतो, त्याच्या आसपास जागा धरा. तो स्वतः जे ऐकून बटणं फिरवत असतो, जवळपास तेच तुम्हालाही ऐकू येईल.