नोकरी सुटल्यावर फंडाचें काय करावें?

नोकरी सुटण्याचे प्रकार निरनिराळे असतात. कोणी अधिक पगाराच्या जागेवर जातो, कोणाचा कारखाना बंद पडतो, कोणी तान्ह्या मुलाच्या संगोपनासाठीं कांहीं वर्षें घरीं राहण्याचें ठरवितो, तर कोणाचें वरिष्ठांशीं पटत नाहीं. प्रकार कोणताही असो, कचेरींतील टेबलाचा खण रिकामा करून घरीं आलेल्या माणसापुढें थोड्याच दिवसांत एक प्रश्न हटकून उभा राहतो. प्रॉव्हिडंट फंडांत सांचलेल्या पैशाचें काय करावयाचें? घरांत त्याला उत्तर देणारे पुष्कळ असतात. मेहुणा म्हणतो, "काढून घ्या; हातांतला पैसा तो आपला." शेजारचे पेन्शनर म्हणतात, "त्याला हात लावूं नका." मुलाला नवी दुचाकी आठवते. यांपैकीं कोणाचेंही म्हणणें सर्वस्वीं चूक नसतें. पण या फंडांत नक्की काय काय सांठतें, हें मात्र बहुधा कोणीच पाहिलेलें नसतें.

सरकारी व तत्सम नोकऱ्यांतील फंडांसाठीं १९२५ सालीं कायदा झाला होता. गिरणींत किंवा खासगी कारखान्यांत राबणाऱ्या माणसाच्या म्हातारपणाची तरतूद त्यानंतरही बहुतांशीं मालकाच्या मर्जीवरच राहिली. १५ नोव्हेंबर १९५१ रोजीं त्यासाठीं वटहुकूम निघाला व १९५२ सालीं त्याचा कायदा झाला. आरंभीं तो सिमेंट, सिगारेट, एंजिनिअरिंग, लोखंड व पोलाद, कागद आणि कापड या सहाच धंद्यांना लागू होता. कापडाचा धंदा त्यांत असल्यामुळें मुंबईच्या गिरणगांवांत 'फंड' हा शब्द तेव्हांच घरोघर पोंचला. वर्गणी त्या वेळीं पगाराच्या शेंकडा सव्वासहा होती.

आज बहुतेक ठिकाणीं मूळ पगार व महागाईभत्ता यांच्या शेंकडा बारा इतकी रक्कम नोकरदाराच्या पगारांतून कापली जाते आणि तितकीच मालक आपल्या पदरची घालतो. मालकाची सगळी रक्कम मात्र फंडांत जात नाहीं. तिच्यांतील शेंकडा ८.३३ इतका भाग, तोही पंधरा हजारांच्या मर्यादेपर्यंतच्या पगारावर, १९९५ च्या पेन्शन योजनेकडे वळविला जातो. समजा, एखाद्या तरुणाचा मूळ पगार वीस हजार आहे व पुऱ्या पगारावर वर्गणी भरली जात आहे. त्याचे स्वतःचे २,४०० रुपये फंडांत जातात. मालकाच्या २,४०० रुपयांपैकीं १,२५० पेन्शनकडे व उरलेले १,१५० फंडाकडे येतात. म्हणजे फंडाच्या खात्यांत दरमहा ३,५५० रुपये पडतात, आणि चार वर्षांत व्याजासह ही रक्कम दोन लाखांच्या घरांत जाते. पासबुकांत पेन्शनचा रकाना निराळा असतो आणि त्यावर व्याज चढत नाहीं. तें पाहून आपले पैसे कोणीतरी गिळले, असा समज अनेकांचा होतो. तो खरा नाहीं. तो रकाना व्याजासाठीं नसून वर्षें मोजण्यासाठीं आहे.

सारी गोम येथेंच आहे. फंडांत रुपये सांठतात हें सर्वांस दिसतें, परंतु त्यांच्याबरोबर नोकरीचीं वर्षेंही सांठत असतात, आणि तीं सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहींत. पैसे काढून घेणारा मनुष्य रुपयांबरोबर तीं वर्षेंही खर्च करून टाकतो. रुपये पुन्हा मिळवितां येतात. वर्षांचें तसें नाहीं.

प्रथम रुपयांचा हिशेब पाहावा. फंडावरील व्याजाचा दर दरसाल ठरतो. १९५२-५३ मध्यें तो शेंकडा तीन होता. १९८९-९० पासून १९९९-२००० पर्यंत बारा होता. २०२१-२२ सालीं ८.१ पर्यंत उतरला आणि २०२३-२४ व २०२४-२५ या दोन्ही सालीं ८.२५ होता. पुढें तो काय राहील याची हमी कोणी देऊं शकत नाहीं. तरी हिशेबापुरता तो आठ धरल्यास चक्रवाढीनें रक्कम सुमारें नऊ वर्षांत दुप्पट होते. वरील तरुण एकतिसाव्या वर्षीं नोकरी बदलीत आहे असें मानलें, तर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत सत्तावीस वर्षें उरतात. तेवढ्या अवधींत रक्कम तीनदां दुप्पट होईल व दोन लाखांचे सुमारें सोळा लाख होतील. या आंकड्यानें हुरळूनही जाऊं नये. या काळांत वस्तूंचे भाव दरसाल शेंकडा पांचनें वाढले, तर त्या सोळा लाखांत आजच्या हिशेबानें सव्वाचार लाखांच्याच वस्तू येतील. पण दोनाचे सव्वाचार, तेही महागाईला तोंड देऊन, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. दोन लाखांची दुचाकी सत्तावीस वर्षांनीं भंगारवालाही फुकट नेईल कीं नाहीं, याची शंकाच आहे.

आतां वर्षांचा हिशेब. प्राप्तिकराच्या दृष्टीनें पांच वर्षांची अखंड सेवा ही एक सीमा आहे. तिच्या आंत पैसे काढल्यास मालकाची वर्गणी व व्याज हें उत्पन्न समजलें जातें, आणि स्वतःच्या वर्गणीवर पूर्वीं करसवलत घेतली असल्यास तीही परत घेतली जाते. रक्कम पन्नास हजार वा अधिक असेल, तर शेंकडा दहा कर आधींच कापून उरलेले पैसे हातीं येतात. पॅन क्रमांक दिलेला नसेल, तर कपात याहून जास्त होते. म्हणजे वरील तरुणाच्या दोन लाखांतून वीस हजार वाटेंतच थांबतील. त्याचें एकूण उत्पन्न करपात्र नसल्यास तो हे पैसे पुढें विवरणपत्र भरून परत मिळवूं शकेल, पण ती खटपट निराळी. आजारपणामुळें किंवा मालकाचा धंदाच बंद पडल्यामुळें नोकरी गेली असेल, तर पांच वर्षांची अट आड येत नाहीं. ज्याच्यावर खरोखर संकट आलें आहे त्याला कायद्यानें येथें सोडलें आहे.

पुष्कळांस ठाऊक नसलेली गोष्ट पुढेंच आहे. जुन्या मालकाकडील खातें नव्या मालकाकडे बदलून घेतलें, तर जुनीं वर्षें नव्या वर्षांत मिळविलीं जातात. पहिल्या जागेचीं चार व दुसरीचीं दोन मिळून सहा वर्षें झालीं, कीं पांचाची सीमा ओलांडली गेली. तींच चार वर्षें आधीं मोडून खाल्लीं असतीं, तर दुसऱ्या जागीं मोजणी पुन्हा एकापासून सुरू झाली असती.

पेन्शनच्या बाबतींत सीमा दहा वर्षांची आहे. दहा वर्षांची पात्र सेवा भरली, कीं अठ्ठावन्नाव्या वर्षापासून आजन्म पेन्शन मिळतें. पन्नाशीनंतर तें लवकरही घेतां येतें, मात्र जितकीं वर्षें अलीकडे घ्यावें तितक्या वर्षांसाठीं दरसाल शेंकडा चार कमी होतात. गणित सोपें आहे. पेन्शनसाठीं धरलेला पगार, ज्याची मर्यादा पंधरा हजार आहे, सेवेच्या वर्षांनीं गुणावा व सत्तरानें भागावा. पहिल्या जागेचीं चार व दुसरीचीं सात अशीं अकरा वर्षें जोडलीं गेलीं, तर दरमहा सुमारें २,३५७ रुपये होतात. चार वर्षांचे पेन्शनचे पैसे आधींच काढून घेतले असतील तर उरलीं सात, आणि सात वर्षांना पेन्शनच नाहीं; तेथेंही पुन्हा एकरकमी परतावा घेऊन गप्प बसावें लागतें. २,३५७ रुपयांत घर चालत नाहीं हें कोणीही सांगेल. तरी ही रक्कम मरेपर्यंत येते आणि पेन्शनरामागें त्याच्या विधवेस तिचा निम्मा भाग मिळत राहतो. म्हातारपणीं औषधाच्या दुकानाचें बिल मुलापुढें न करतां स्वतः भागविणें यांत जें समाधान असतें, तें ज्यांनीं पाहिलें आहे ते या रकमेस क्षुल्लक म्हणणार नाहींत.

दहा वर्षें भरण्यापूर्वीं नोकरी सोडणारानें पुढें पुन्हा नोकरी करण्याचा विचार असल्यास पेन्शनचे पैसे काढण्याऐवजीं 'स्कीम सर्टिफिकेट' मागून घ्यावें. त्या कागदावर झालेल्या सेवेची नोंद असते. मूल लहान म्हणून चार-पांच वर्षें घरीं बसणाऱ्या स्त्रीला तर हा कागद फार उपयोगाचा. नेमक्या याच स्त्रीचे पैसे मात्र सर्वांत आधीं निघतात. पूर्वीच्या नियमांत नोकरी सोडल्यावर फंड काढण्यास दोन महिने वाट पाहावी लागे, पण विवाहासाठीं नोकरी सोडणाऱ्या स्त्रीस तेवढीही अट नव्हती. ही सवलत सद्‌भावनेनें दिलेली असली, तरी लग्नाच्या खर्चाच्या ऐन तोंडावर मुलीचा फंड मोकळा करून देणारी ती वाट होती, हें नाकारतां येत नाहीं.

खातें नुसतें पडून दिलें तर काय होतें? २०११ पासून कांहीं वर्षें असा नियम होता कीं, छत्तीस महिने वर्गणी न आलेल्या खात्यावर व्याज थांबावें. नोव्हेंबर २०१६ मध्यें तो बदलला. त्यानंतर पंचावन्न वर्षांच्या आंत नोकरी सोडलेल्याच्या खात्यावर व्याज चालू राहूं लागलें. पंचावन्नाव्या वर्षानंतर निवृत्त झालेला, कायमचा परदेशीं गेलेला किंवा मृत झालेला सभासद यांच्या बाबतींत मात्र छत्तीस महिन्यांत मागणी न आल्यास खातें निष्क्रिय ठरतें. अमेरिकेंत किंवा दुबईंत स्थायिक झालेल्या मुलांच्या आईवडिलांनीं हें त्यांच्या कानावर घालावें. पडून राहिलेल्या खात्यांत एक खोंचही आहे. नोकरी सोडल्यानंतरच्या काळांत चढलेलें व्याज करपात्र आहे, असा निर्णय २०१७ सालीं बंगळूर येथील प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणानें दिला. तेव्हां नवी नोकरी मिळेपर्यंत खातें तसेंच ठेवणें ठीक. मिळाल्यावर मात्र तें बदलून घेण्यांत आळस करूं नये.

या बदलीविषयीं एक गैरसमज सार्वत्रिक आहे. २०१४ पासून प्रत्येक सभासदास एकच कायम क्रमांक मिळतो. त्यास यूएएन म्हणतात. नव्या जागीं तोच क्रमांक दिला, म्हणजे पैसे आपोआप एकत्र झाले, अशी समजूत असते. वस्तुतः त्या एका क्रमांकाखालीं प्रत्येक मालकाचें खातें निराळें असूं शकतें. क्रमांक म्हणजे खुंटी. तिच्यावर पिशव्या चार टांगल्या असतील, तर त्या एकींत ओतल्या आहेत कीं नाहींत हें पासबुकांत डोळ्यांनीं पाहावें लागतें.

पैसे कधींच काढूं नयेत, असा याचा अर्थ नव्हे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरसाल शेंकडा छत्तीस व्याज भरणारा मनुष्य फंडांतील सव्वाआठाचें कौतुक करीत बसला, तर तो काटकसर करीत नसून स्वतःस फसवीत आहे. घरांत दुखणें आलें, चूल अडली, तर हा पैसा त्याच घराचा आहे. नियमांचा ओघही याच दिशेनें जात आहे. १३ ऑक्टोबर २०२५ रोजीं केंद्रीय विश्वस्त मंडळानें असा निर्णय घेतला कीं, बेकार झालेल्या सभासदास बहुतांश रक्कम लगेच मिळावी, वर्गणीचा शेंकडा पंचवीस भाग मात्र खात्यांत राहावा. संपूर्ण खातें मोडण्यासाठीं दोन महिन्यांऐवजीं बारा, आणि पेन्शनचे पैसे काढण्यासाठीं दोनाऐवजीं छत्तीस महिने थांबावें. यावर पुष्कळ ओरड झाली. स्वतःच्या पैशासाठीं वर्षभर थांबावें लागणें हें बेकार माणसाला झोंबणारच. परंतु छत्तीस महिन्यांच्या अटीमागें दहा वर्षांच्या सीमेचा विचार आहे, हें वरील हिशेब पाहिलेल्यास पटावें. असे नियम अधूनमधून बदलतात. म्हणून अर्जापूर्वीं त्या दिवसाचा नियम पाहून घेणें इष्ट.

अर्ज बदलीचा असो वा पैसे काढण्याचा, तो अडतो तो बहुधा मोठ्या कारणानें नव्हे. मालकानें नोकरी सोडल्याची तारीखच नोंदविलेली नसते. दोन महिन्यांनंतर ती सभासदास स्वतः नोंदवितां येते, हें ठाऊक नसल्यानें माणसें जुन्या कचेरीच्या पायऱ्या झिजवितात. त्याहून मोठी अडचण नांवाची. महाराष्ट्रांत मुलीचें लग्न झालें, कीं वडिलांच्या नांवाच्या जागीं नवऱ्याचें नांव येतें, आडनांव पालटतें, आणि कित्येक घरांत मूळ नांवही. फंडांत माहेरचें नांव, आधार कार्डावर सासरचें आणि बँकेंत दोहोंची खिचडी, अशी स्थिति असली, कीं तिन्ही ठिकाणीं बाई एकच आहे हें संगणकाला पटत नाहीं. पुरुषांच्या बाबतींत वडिलांचें नांव कोठें पुरें, कोठें आद्याक्षरानें, कोठें मुळींच नाहीं, असा घोळ असतो. नोकरी चालू आहे तोंपर्यंत ही दुरुस्ती मालकामार्फत सोपी जाते. नोकरी सुटल्यावर, आणि विशेषतः कारखाना बंद पडल्यावर, ती करून घेणें जिकिरीचें होतें.

वारसाचें नांवही त्याच वेळीं पाहून घ्यावें. अविवाहित असतांना भावाच्या नांवें केलेली नेमणूक सभासदाचा विवाह झाल्यावर आपोआप रद्द समजली जाते व नवी करावी लागते. लग्नाच्या गडबडींत ती राहून जाते. मग पुढें कधीं खात्यावर हक्क सांगण्याची वेळ आली, कीं पत्नी व दीर दोघेही आपापले कागद घेऊन फंडाच्या कचेरींत एकाच खिडकीपुढें उभे असतात.