उन्हाने तडकते, सरसाने सांधते

फैजपूरचे नाव काढले की परगावच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, १९३६ सालच्या डिसेंबरात येथे भरलेले काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन. आणि दुसरी, केळी. या गावात फावल्या वेळात गिटार बनवणारा आणि मोडलेल्या गिटारी सांधणारा एक निवृत्त गणित-शिक्षकही राहतो, असे सांगितले तर ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "पण का हो?" तो शिक्षक म्हणजे मीच. हा प्रश्न मला सर्वांत आधी घरातच विचारला गेला, कारण माडीवरची खोली भुशाने भरली होती आणि दिवाळीची झाडलोट तोंडावर आली होती.

गणितवाल्याला गिटारचे वेड लागते ते तिच्या पडद्यांमुळे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते वर-खाली सरकवता येतात. गिटारचे पडदे दांडीत कायमचे ठोकलेले. म्हणजे हिशेब आधी, हातोडी नंतर! तारेची मोकळी लांबी ६५० मिलिमीटर धरा. तिला १७.८१७ ने भागले की साडेछत्तीस मिलिमीटर येतात. तेथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागा, दुसरा पडदा मिळेल. असे बारा वेळा केले की तुम्ही बरोबर ३२५ वर, म्हणजे तारेच्या निम्म्यावर येता आणि सप्तक पुरे होते. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो हे वीणेसारखे ल्यूट नावाचे वाद्य वाजवीत. त्यांनी १५८१ साली याच कामासाठी अठराचा भागाकार सांगितला होता. किती जवळ पोचले होते पाहा!

आता लाकडाचे. गिटारच्या बाजूंना आणि पाठीला आपल्या सह्याद्रीतल्या शिसवीचा जगभर मान आहे. मी मात्र दुकानात गेलो नाही. एका जुन्या वाड्यातला मोडका पलंग मिळाला, त्याची शिसव पाठीला लावली. दांडी सागाच्या चौकटीतून निघाली. आणि वरची फळी, जिला सतारवाले तबली म्हणतात, ती देवदारी खोक्यातून. घरी थट्टा झाली. पण फैजपूरच्या माणसाला त्यात नवल वाटू नये. त्या अधिवेशनाची सजावट नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून इथल्याच बांबूसारख्या साध्या सामानातून केली होती.

आणि भारी लाकूड नसले तर वाद्य बोलणार नाही, या समजाला उत्तर स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस या कारागिराने केव्हाच देऊन ठेवले आहे. १८६२ साली त्याने एक गिटार अशी केली, की तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या! वरची फळी तेवढी उत्तम लाकडाची. आवाज मुख्यतः त्या फळीत असतो, हे त्याला दाखवायचे होते. ते वाद्य आज बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे.

ही फळी जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीची. पोलादी तारा तिला सत्तर किलोच्या आसपास जोराने ओढत असतात. म्हणजे एक भरला माणूस रात्रंदिवस लोंबकळतो आहे असे समजा. त्यातून आमचा खानदेशी उन्हाळा! मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि हवा पापडासारखी कोरडी होते. लाकूड लांबीत फारसे आटत नाही, रुंदीत आटते. हातभर रुंदही नसलेली तबली ऐन उन्हाळ्यात दोन-तीन मिलिमीटर आटू पाहते. पण तिच्या कडा बाजूंना घट्ट चिकटलेल्या. मग ती बिचारी रेषेरेषेने तडकते. माझ्याकडे येणाऱ्या दहा वाद्यांपैकी सात-आठ जूनमध्येच येतात, ती याचमुळे.

अशाच एका जूनमध्ये शेजारच्या आळीतल्या वहिनी एक हवाईयन गिटार घेऊन आल्या. त्यांचे यजमान पोस्टातून निवृत्त झालेले. आपल्याकडे एके काळी या गिटारचे केवढे वेड होते! मांडीवर आडवी ठेवायची, पडदे दाबायचे नाहीत, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीत ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवले, ते पुष्कळ घरांत ऐकले गेले. या गृहस्थांनीही तरुणपणी पगारातून पैसे साठवून ती घेतलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात गेला. गिटार भिंतीवरच राहिली, आणि त्या उन्हाळ्यात तडकली.

"सर, जावई म्हणतात नवी आणून देतो," वहिनी म्हणाल्या. "पण ह्यांना ती नवी नको आहे. आणि तसे पाहिले तर वाजवणार तरी कोण? ही तडकलेली मात्र त्यांना पाहवत नाही."

मी आत आरसा घालून पाहिले. भेग तर होतीच. शिवाय आतल्या आधाराच्या दोन काड्या सुटल्या होत्या. छिद्रातून हात पोचेना, म्हणजे पाठ उघडणे आले. पाठ उघडताना चिरली की संपले! पण सांध्याच्या कडेला जुन्या सरसाचा तांबूस थेंब दिसला आणि मला धीर आला.

वाचकहो, सरस ही फार शहाणी वस्तू आहे. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून तो करतात. गार पाण्यात भिजवायचा, मग गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून साठ अंशांच्या आसपास तापवायचा. उकळू द्यायचा नाही. सुकला की लाकडाहून घट्ट. पण ऊब आणि ओल दिली की पुन्हा सोडतो. मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत मी काही दिवस नुसता बसून पाहत असे, तेव्हा याचे मर्म कळले. तिथल्या शिकलगारांचे पूर्वज शस्त्रांना धार लावीत. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून ते सतारी आणि तंबोरे करू लागले. पंढरपूरकडचे भोपळे आणून केलेल्या त्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथे पिढीजात तंबोरे दुरुस्तीला येतात. जो तंबोरा उघडता येतो तो नातवापर्यंत पोचतो. जो कायमचा डकवला आहे तो एकाच माणसाचा.

पातळ सुरी गरम पाण्यात बुडवीत बुडवीत, बोटभर बोटभर सरकत, दोन संध्याकाळी ती पाठ सुटली. आत पाहतो तो आधीच्या कोण्या कारागिराने लावलेली दोन चिमुकली ठिगळे! म्हणजे हे वाद्य एकदा मरणातून उठलेले होते. ओला स्पंज आत ठेवून चार दिवस भेग मिटू दिली, सरस भरला, आतून आडव्या रेषेच्या पातळ पट्ट्या लावल्या, काड्या बसवल्या, शिकंजे आवळले. पंधरा दिवसांनी तारा चढवल्या.

वाद्य पोचवायला मी स्वतः गेलो. हवाईयन गिटारच्या तारा अशा मिळवलेल्या असतात, की नुसत्या मोकळ्या छेडल्या तरी सुरेल मेळ निघतो. गृहस्थांच्या मांडीवर ती ठेवली. त्यांनी उजव्या अंगठ्याने सहाही तारा छेडल्या आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग वहिनींकडे पाहून हनुवटीने कांडी दाखवली. त्या म्हणाल्या, "मला कुठे येते?" पण कांडी हातात घेतली. ते पडद्याकडे बोट दाखवीत, त्या तेथे कांडी नेत, आणि ते तार छेडीत. सूर थोडे इकडेतिकडे होत होते. गणिताचा मास्तर असूनही मी काही बोललो नाही. हल्ली संध्याकाळी दोघांचा हा उद्योग चालतो, असे त्यांची मुलगी सांगते.

तुमच्या घरात असे एखादे वाद्य असेल तर एवढे करा. पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीवर ते टांगू नका. उन्हाळ्यात पेटीत ठेवा आणि सोबत छिद्रे पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवा. महिनाभर वाजणार नसेल तर तारा थोड्या सैल करा. आणि भेग पडलीच, तर दुकानात मिळणारा झटपट चिकटणारा डिंक तिच्यात ओतू नका. तशीच एखाद्या जाणत्याकडे न्या. पुढे कोणाला तरी ते वाद्य उघडावे लागणार आहे.