शिवोलीच्या घरांत भरलेलीं जुनीं गाणीं

रेडीहून तेरेखोलच्या किल्ल्यापाशीं यावें, खाडी तरीनें ओलांडावी, आणि केरी, हरमल, मोरजी हीं गांवें मागें टाकून शापोरा नदीपलीकडे जावें, कीं शिवोली लागते. अर्ध्या दिवसाचीही वाट नव्हे. याच गांवचे रेमो फर्नांडिस यांनीं १९८५ सालीं 'ओल्ड गोअन गोल्ड' ही कॅसेट काढली, तेव्हां त्यांच्या गाण्यानें मोठें वळण घेतलें.

तोंपर्यंत रेमो म्हणजे गिटार, बासरी आणि इंग्रजी गाणीं. मुंबईस वास्तुशास्त्र शिकत असतां ते रॉक संगीतांत रमले. पुढें युरोप व उत्तर आफ्रिका हिंडून गांवीं परतले. त्यांचीं स्वरचित इंग्रजी गाणीं घेण्यास मुंबईच्या कंपन्या तयार होईनात, म्हणून १९८४ सालीं त्यांनीं 'गोअन क्रेझी' घरींच तयार केली. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, वाद्येंही त्यांनींच वाजविलेलीं. आणि स्कूटरवरून दुकानोदुकानीं कॅसेटी पोहोंचविणारेही तेच!

एकट्या माणसास हें साधलें तें चार पट्ट्यांच्या ध्वनिमुद्रणयंत्रामुळें. फितीवर चार समांतर पट्ट्या असतात. पहिलीवर गिटार भरावी, ती ऐकत दुसरीवर बासरी, तिसरीवर गळा. मग तिन्ही एकत्र करून चौथीवर उतरविल्या, कीं पहिल्या तीन पुन्हां मोकळ्या. मात्र पहिला थर बसला कीं लय ठरली; पुढच्या प्रत्येक थरानें तिच्यामागून जावयाचें.

दुसऱ्या वर्षींचीं गाणीं मात्र गोव्याच्या मागल्या पिढ्यांचीं, कोंकणी, नव्या वाद्यमेळांत बसविलेलीं. स्वतःचें रचूं शकणाऱ्यानें आजोबांचें गावें, यांत शैलीच्या बदलाइतकीच नम्रताही आहे.

गोव्याच्या जुन्या कोंकणी गाण्यांत मांडो सर्वांत मानाचा. १९ व्या शतकांत सासष्टीच्या ख्रिस्ती घराण्यांतून तो वाढला. युरोपीय वळणाचें दुपदरी गायन, व्हायोलिनची साथ, आणि जोडीस मातीचें घुमट. पेडण्याकडे चतुर्थीच्या आरत्यांत वाजतें तेंच. मांडो संथ असतो. गाणारे ओळीच्या शेवटीं रेंगाळतात, घुमटवाला त्यांच्यासाठीं थांबतो. मागून येणारें दुलपद चटपटीत.

विजेच्या गिटारीनें जुनें गाणें बाटतें, असा आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. मांडोच्या बाबतींत तो टिकत नाहीं. जेथें व्हायोलिन शोभलें तेथें गिटारीनें काय पाप केलें? धोका असलाच तर तो थर चढविण्याच्या पद्धतींत आहे. तेथें गाणाऱ्यासाठीं थांबणारा कोणी समोर बसलेला नसतो. दुलपदाचें त्यानें बिघडत नाहीं, उलट तें खुलतें. मांडोचें रेंगाळणें मात्र पहिल्याच थरांत राखून ठेवावें लागतें. तेथें चुकलें, तर वरचा कोणताही साज तें परत आणीत नाहीं.

पुढें १९८७ सालीं रेमो 'जलवा' चित्रपटासाठीं हिंदींत गायले, आणि देशभर त्यांचें नांव त्या गाण्यानें झालें. त्याच वर्षीं ४ फेब्रुवारीस, मोठ्या वादानंतर, कोंकणी ही गोव्याची राजभाषा ठरली. सीमेअलीकडे रेडीच्या घरांतून बोलली जाते ती मालवणी. पण जुनें दुलपद कानीं पडलें, तर तेथल्या म्हाताऱ्यांस त्याचा अर्थ सहसा कोणास विचारावा लागत नाहीं.