लस टोचल्यावर गाठ आली, म्हणजे लंपी झाला का?

आमच्या गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाली, "लस टोचली अन् गाईच्या मानेवर गाठ आली. लसीनंच लंपी दिला. आता कालवडीला लस देणार नाही."

लंपी हा विषाणूचा आजार. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड तो पसरवतात. २०२२ मध्ये ही साथ आपल्या नांदेड-लातूरकडेही आली. तेव्हा गाईंना शेळ्यांच्या देवीची लस दिली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले.

टोचल्या जागी लहान गाठ येऊ शकते. ती हळूहळू जिरते. लंपीत मात्र ताप येतो, अंगभर गाठी उठतात, नाका-डोळ्यांतून पाणी गळतं, दूध घटतं. लसीचं बळ यायला साधारण २१ दिवस लागतात. विषाणू आधीच अंगात शिरला असेल, तर लसीनंतरही आजार दिसतो, अन् बोल लसीला लागतो.

म्हणून साथ येण्याआधीच निरोगी जनावराला लस द्या. अंगभर गाठी दिसल्या तर जनावर वेगळं बांधा, १९६२ वर फोन करा. लंपी माणसाला होत नाही. दूध उकळून प्या.

ताईच्या गाईची गाठ एकच होती, टोचल्या जागीच. कालवडीलाही लस द्यायला ती आता तयार आहे.