घरात कुत्रा आहे आणि बाळ येणार आहे : तयारी कशी करावी?

घरात गोड बातमी कळली की आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो, "आता कुत्र्याचं काय करायचं?" घरातली वडीलधारी मंडळी काळजीपोटी "त्याला कुठेतरी देऊन टाका" असे सुचवतात. तरुण जोडप्याला वाटते, "आमचा कुत्रा शांत आहे, तो काही करणार नाही." या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग म्हणजे वेळेत केलेली तयारी. बहुतेक घरांत कुत्र्याला बाहेर काढण्याची गरज नसते. बाळाच्या सुरक्षेचे नियम मात्र कुत्रा कितीही गुणी असला तरी पाळावेच लागतात.

कुत्र्याला नेमके काय खटकते?

कुत्र्याला बाळ म्हणजे काय हे ठाऊक नसते. घरात अचानक नवा वास, रडण्याचा नवा आवाज आणि पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. त्याच वेळी त्याचे फिरणे आणि त्याच्याकडे दिले जाणारे लक्ष कमी होते. त्यामुळे तो गोंधळतो. हे बदल एका दिवसात न करता महिना-दोन महिने आधीपासून हळूहळू केले, तर त्याला जुळवून घेणे सोपे जाते.

गरोदरपणात करायची तयारी

चौथ्या-पाचव्या महिन्यापासून सुरुवात करावी.

- पशुवैद्यकांकडून तपासणी : रेबीजची लस चालू आहे ना, हे लसीकरणाच्या कार्डवर पाहा. जंतांचे औषध आणि गोचीड-पिसवांचा बंदोबस्त करून घ्या. कुत्र्याच्या विष्ठेतील गोलकृमींची अंडी मातीत मिसळतात आणि हातातोंडावाटे मुलांच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून विष्ठा वेळच्या वेळी उचला आणि हात साबणाने धुवा.
- साध्या आज्ञा : "बस", "थांब", "जागेवर जा" एवढे त्याला पक्के यायला हवे. अंगावर उडी मारण्याची सवय आधीच मोडा. सिझेरियन झाल्यास टाक्यांवर बसलेला धक्का फार त्रासदायक ठरतो. नखेही नियमित कापा.
- जागा ठरवा : पाळणा आधीच लावून ठेवा. बाळाच्या खोलीत कुत्र्याला प्रवेश नसेल, तर तो नियम आतापासूनच लागू करा. बाळ आल्यावर अचानक दार बंद झाले तर तो बिथरतो. त्याला स्वतःची अशी एक निवांत जागाही द्या.
- आवाजाची सवय : मोबाईलवर बाळाच्या रडण्याचा आवाज अगदी हळू लावा आणि त्याच वेळी त्याला आवडता खाऊ द्या. तो शांत राहिला तरच काही दिवसांनी आवाज थोडा वाढवा.
- जबाबदारी वाटून घ्या : आजवर होणारी आईच त्याला फिरवत आणि जेवू घालत असेल, तर ते काम आतापासून घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या.

बाळंतपण माहेरी असेल तर

आपल्याकडे अनेक मुली बाळंतपणाला माहेरी जातात. कुत्रा सासरी असेल तर दोन-तीन महिन्यांनी त्याला आई आणि बाळ एकदमच भेटतात. अशा वेळी बाळाचे वापरलेले झबले किंवा दुपटे अधूनमधून घरी पाठवा आणि दुरूनच त्याला हुंगू द्या. कुत्रा माहेरचा असेल, तर तो शेजारच्या परिचयाचा असला तरी वरील सगळी तयारी तिथेही लागते.

बाळ घरी येते तो दिवस

बाळावरून भाकरतुकडा ओवाळताना दारात गर्दी असते. त्या वेळी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याआधी त्याला चांगले फिरवून आणा. गर्दी ओसरल्यावर आईने बाळाला दुसऱ्याकडे देऊन आधी एकटीने त्याला भेटावे. तो शांत झाल्यावर त्याला पट्ट्याने धरून बाळ दुरून दाखवा. बाळ त्याच्या तोंडाजवळ नेऊ नका. तो शांत राहिला तर शाबासकी द्या. ही पहिली भेट दोन-चार मिनिटांची पुरे. बारशाच्या दिवशीही हीच काळजी घ्या.

रोजचे नियम

1. बाळ आणि कुत्रा यांना एक मिनिटही एकटे सोडू नका. दूध गरम करायला स्वयंपाकघरात जाताना दोघांपैकी एकाला सोबत न्या.
2. बाळाचा चेहरा, हात आणि नाळेची जागा कुत्र्याला चाटू देऊ नका.
3. मालिशच्या वेळी आणि बाळ खाली गोधडीवर असताना कुत्रा दूर हवा. दुधाच्या आणि तेलाच्या वासाने तो जवळ येतो.
4. बाळ रांगू लागले की नव्याने दक्षता घ्या. कुत्रा जेवताना किंवा झोपलेला असताना बाळ त्याच्यापर्यंत पोहोचता कामा नये.

हे इशारे ओळखा

अंग ताठरणे, शेपूट आत घेणे, तोंड फिरवणे, वारंवार ओठ चाटणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, गुरगुरणे ही अस्वस्थतेची लक्षणे आहेत. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नका. मार खाऊन तो गुरगुरणे सोडेल आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावेल. दोघांना लगेच वेगळे करा आणि पशुवैद्यकांचा सल्ला घ्या. कुत्रा पूर्वी कोणाला चावला असेल, तर हा सल्ला बाळ येण्याआधीच घ्या. त्याला दुसरीकडे ठेवणेच योग्य ठरले, तर माहितीतले, सांभाळणारे घर शोधा. रस्त्यावर सोडून देऊ नका.

चावा किंवा ओरखडा लागल्यास

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नका. त्यानंतर ताबडतोब रुग्णालयात जा. रक्त आले असेल किंवा लाळ जखमेवर, डोळ्यात वा तोंडात गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागू शकते. लहान मुलांना चावा बहुधा चेहऱ्यावर किंवा डोक्यावर बसतो, म्हणून उशीर अधिक धोक्याचा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो, पण वेळेवर पूर्ण उपचार घेतल्यास टाळता येतो. "घरचाच कुत्रा आहे, लस दिलेली आहे" म्हणून घरी थांबू नका. काय द्यायचे ते डॉक्टरांना ठरवू द्या. ही लस तान्ह्या बाळांना, गर्भवतींना आणि स्तनदा मातांनाही देता येते.

बाळाच्या येण्याने कुत्र्याचा वाटा संपत नाही, फक्त घरातले नियम बदलतात. ते नियम त्याला आधीच शिकवले, तर दोघेही एकाच घरात सुखाने वाढू शकतात.